लेव्हलिंग किट आणि मोठे टायर बसवल्यावर पिकअप घासते, थरथरते किंवा सरळ धावत नाही: तपासणी कोणत्या क्रमाने करावी

फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो, रॅम १५०० किंवा त्यांच्याहून लहान टोयोटा टॅकोमा, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या या पिकअप कारखान्यातून बाहेर पडतात तेव्हा त्यांचे नाक मागच्या भागापेक्षा साधारण एक ते दोन इंच खाली असते. मागच्या हौद्यात माल भरला किंवा ट्रेलर जोडला की मागची बाजू खाली बसते आणि गाडी सपाट होते, असा त्यामागचा हिशेब आहे. ज्यांची गाडी बहुतेक वेळा रिकामीच धावते त्यांना हा पुढे झुकलेला आकार आवडत नाही. ते पुढच्या सस्पेन्शनला लेव्हलिंग किट, म्हणजे नाक उचलून गाडी सपाट करणारे स्पेसर (जाड तुकडे), बसवतात, आणि पुढे जागा झाली म्हणून त्याच फेरीत मोठे टायरही घालतात.

डॅलसच्या परिसरात ओळखीच्या मराठी मंडळींच्या गाड्यांवर हे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. किट बसवून आठवडा-पंधरवडा झाला की तक्रारी येतात आणि त्या जवळजवळ ठरलेल्या असतात. अशा वेळी बहुतेक जण आणखी उंच किट, महागडे कंट्रोल आर्म (चाकाला चॅसीशी जोडणारे हात) किंवा नवे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचा जोड) मागवायला निघतात. वास्तविक बिघाडाचे मूळ बहुधा मोजमाप, हवा, नट, रिमचे ऑफसेट (हबला टेकणारी रिमची बाजू रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे ते अंतर) किंवा अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) यांपैकी एकात असते आणि ते शोधायला मोजपट्टी, प्रेशर गेज, खडू आणि टॉर्क रेंच एवढे पुरते. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि खर्चाच्या व जोखमीच्या कामांपर्यंत जातो. मधली पायरी गाळू नये, कारण प्रत्येक पायरीचा निकाल पुढच्या पायरीचा अर्थ बदलतो.

लक्षणे

- स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, विशेषतः रिव्हर्स घेताना, चाकाच्या कमानीतून खरखर घासल्याचा आवाज येतो.
- सरळ जातानाही खड्डा, गतिरोधक किंवा उतारावरचा ड्राइव्ह-वे आला की क्षणभर टायर घासतो.
- ताशी ५५ ते ७० मैलांच्या दरम्यान स्टिअरिंग किंवा सीट थरथरते. त्याखाली आणि त्यावर थरथर कमी होते.
- हायवेवर गाडी सतत सावरावी लागते, एका बाजूला ओढते, किंवा वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मधोमध परत येत नाही.
- गतिरोधकावरून उतरताना चाक खाली लोंबकळले की ‘ठक्’ असा धातूचा आवाज होतो.
- नव्या टायरची एकच कड झिजते, किंवा टायरवरून आडवा हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागते.
- फोर-व्हील ड्राइव्ह बंद असतानाही पुढच्या चाकांच्या मध्यातून दळल्यासारखा आवाज येतो.
- समोरून येणारे चालक वारंवार दिवे चमकवून इशारा करतात, किंवा डॅशबोर्डवर टायरच्या दाबाचा दिवा लागून राहतो.

यांतील दोन-तीन लक्षणे एकत्र असणे अगदी सामान्य आहे. घासणे, थरथर आणि भरकटणे ही मात्र तीन वेगळी दुखणी समजून त्यांचा माग वेगवेगळा घ्यावा. एकाच्या उपायाने दुसरे बरे होईल या आशेवरच सर्वाधिक पैसा वाया जातो.

मोजपट्टी आणि कागद

गाडी रिकामी करून सपाट काँक्रीटवर उभी करावी, चाके सरळ ठेवावीत आणि चारही चाकांच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजू नये. तसे मोजल्यास टायरच्या आकारामुळे वाढलेली उंचीही त्यात मिसळते आणि किटने नेमके किती उचलले ते कळत नाही. डाव्या आणि उजव्या बाजूत पाव इंचापर्यंतचा फरक मूळ गाडीतही असू शकतो. त्याहून बराच जास्त असेल तर एका बाजूचा स्पेसर नीट बसलेला नाही, स्प्रिंग आपल्या खाचेत बसलेली नाही, किंवा दोन्ही बाजूंना वेगळ्या जाडीचे तुकडे लागले आहेत, अशी शंका घ्यावी.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी. स्ट्रटच्या डोक्यावर बसणारा स्पेसर जितका जाड असतो त्यापेक्षा गाडी जास्त उचलली जाते, कारण स्ट्रटचे खालचे टोक कंट्रोल आर्मच्या मधल्या भागात जोडलेले असते आणि चाक त्या आर्मच्या टोकाला असते. त्यामुळे एक इंचाचा स्पेसर चाकापाशी दीड ते दोन इंचांचे काम करतो. जो दोन इंच जाडीचा तुकडा ‘दोन इंचांचे किट’ समजून बसवतो त्याची गाडी तीन इंचांहून अधिक उचलली जाते, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी तिथेच जन्माला येतात.

मग टायरच्या बाजूवरचे आकडे वाचून खरा व्यास काढावा. २७५/६५ आर १८ हा एफ-१५० वर नेहमी दिसणारा आकार सुमारे ८१५ मिलिमीटर, म्हणजे ३२.१ इंच भरतो. २७५/७० आर १८ हा ८४२ मिलिमीटर, म्हणजे ३३.२ इंच. २८५/७० आर १७ हा ८३१ मिलिमीटर. ‘३५ इंची’ टायर नावाप्रमाणे ८८९ मिलिमीटरच्या आसपास असतो. पण ज्याला दुकानात ‘३५ चा’ म्हणतात तो ३१५/७० आर १७ गणिताने ३४.४ इंचच निघतो. शेजाऱ्याच्या गाडीवर ‘३५’ बसले आणि आपल्यावर घासतात, याचा उलगडा कित्येकदा एवढ्यातच होतो.

हवा

चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा आकडा मूळ टायरसाठी असतो. पिकअपवर साधे प्रवासी वर्गातले टायर काढून जाड कडांचे एलटी (लाइट ट्रक वर्गातले) टायर घातले तर तोच दाब योग्य राहीलच असे नाही. एलटी टायरला तोच भार पेलायला अधिक हवा लागते. उदाहरणार्थ, लोड इंडेक्स १२५ म्हणजे एका टायरला १,६५० किलो, ११६ म्हणजे १,२५० किलो. पण ई लोड रेंजच्या (भारक्षमतेच्या ‘ई’ वर्गातल्या) टायरची ती १,६५० किलोची क्षमता ८० पीएसआय दाबाला असते. ३५ पीएसआयला तोच टायर त्याच्या बराच खाली येतो. उलट, दुकानदाराने सवयीने ६५ किंवा ७० पीएसआय भरून दिले असतील तर रिकामी गाडी प्रत्येक खाचेवर उडते, फक्त मधला पट्टा रस्त्याला टेकतो आणि हायवेवर गाडी भरकटते. टायर बनवणाऱ्याचा भार आणि दाब यांचा तक्ता पाहून, मूळ टायर दारावरच्या दाबाला जेवढा भार पेलत होता तेवढा नव्या टायरने पेलावा असा आकडा काढावा आणि टायर थंड असताना तो भरावा. मूळ टायर ‘पी’ अक्षराने सुरू होणाऱ्या आकाराचा असेल, तर हलक्या ट्रकवर त्याची क्षमता १.१० ने भागून धरतात, हेही हिशेबात घ्यावे.

भरकटण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात. म्हणून अलाइनमेंटला पैसे देण्याआधी हवा पाहावी. चुकीच्या हवेवर केलेल्या अलाइनमेंटनंतर रस्त्यावर गाडी कशी धावते यावरून काहीच ठरवता येत नाही.

टायरच्या दाबाचा दिवा लागून राहत असेल तर जुने सेन्सर नव्या रिममध्ये घातले का आणि गाडीला ते ओळखायला लावले का, एवढे दुकानात विचारावे. २००८ च्या मॉडेलपासून अमेरिकेत हलक्या गाड्यांना ही यंत्रणा बंधनकारक आहे. दिवा झाकून गाडी चालवणे योग्य नाही.

नट आणि रिमची बैठक

चाक काढून बसवले की शंभर मैलांच्या आत नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत. अलीकडच्या एफ-१५० ला १५० फूट-पाउंड लागतात, तर २०२३ पर्यंतच्या टॅकोमाला ८३. हे आकडे किती वेगळे आहेत ते पाहावे. ‘पिकअप आहे, जोरात आवळा’ हा न्याय इथे चालत नाही. चाक जमिनीवरून उचललेले असताना नट तारेच्या आकारात एकाआड एक हलके आवळावेत आणि मग चाक टेकवून शेवटचा टॉर्क द्यावा. नटाचा आकारही रिमशी जुळला पाहिजे. टॅकोमाच्या अनेक मूळ ॲल्युमिनियम रिमचे नट सपाट वॉशरचे असतात, तर बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचे नट लागतात. सपाट नट शंकूच्या भोकात घट्ट वाटतो, पण बसत नाही. हा प्रकार दिसला तर गाडी तिथेच उभी ठेवावी आणि योग्य नट आणून मगच हलवावी.

रिमच्या मधल्या भोकाकडेही पाहावे. एफ-१५० च्या हबचा व्यास ८७.१ मिलिमीटर आहे, तर बाजारातील कित्येक सहा नटांच्या रिमचे भोक टॅकोमालाही चालावे म्हणून १०६ मिलिमीटरच्या आसपास ठेवलेले असते. मधली फट भरणारी रिंग नसेल तर रिम मध्यावर आणण्याचे काम एकट्या नटांवर येते आणि जरा तिरके आवळले गेले तरी थरथर सुरू होते. रिंगांची किंमत किरकोळ आहे. बॅलन्सिंगवर पुन्हा पुन्हा पैसे घालण्याआधी त्या पाहाव्यात.

घासते कुठे ते खडूने शोधावे

हा भाग सर्वांत सविस्तर लिहीत आहे, कारण सर्वाधिक गैरसमज इथे आहेत. टायरच्या बाहेरच्या आणि आतल्या खांद्यावर, तसेच चाकाच्या कमानीतील संशयित जागांवर खडू फासावा. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून हळू पुढे आणि मग मागे जावे, नंतर उजवीकडे तसेच करावे. दुसऱ्या फेरीत एक पुढचे चाक फुटपाथच्या उतरत्या कडेवर किंवा रॅम्पवर तिरके चढवावे, म्हणजे ते चाक वर दाबले जाईल. कोणत्या फेरीत आणि कोणत्या जागचा खडू पुसला गेला ते लिहून ठेवावे.

खुणा कमानीच्या पुढच्या बाजूला, बंपरच्या खालच्या प्लॅस्टिकवर किंवा आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर असतील तर काम सोपे आहे. अस्तराचे स्क्रू काढून ते मागे खेचून बांधता येते आणि खालची प्लॅस्टिकची पट्टी थोडी कापता येते. मागच्या बाजूला मडफ्लॅप घासत असेल तर तो काढून पाहावा. कधी कधी सगळी तक्रार त्या एका रबरी तुकड्याचीच असते.

खुणा केबिनच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यातील पत्र्याच्या जोडकडेवर, म्हणजे पिंच वेल्डवर असतील, तर ती कड हातोडीने सपाट दाबून त्यावर लगेच गंजरोधक रंग लावतात. रंग लावायचा कंटाळा करू नये. मिशिगन किंवा ओहायोसारख्या राज्यांत, जिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, तिथे उघडी पडलेली ती कड वेगाने कुजते. खुणा त्याहून मागे, केबिन चॅसीवर टेकवणाऱ्या कॅब माउंटवर असतील, आणि टॅकोमावर ३३ इंची टायरसह हे वारंवार होते, तर अलाइनमेंटचा विभाग वाचल्याशिवाय काहीही कापायला घेऊ नये.

आता मुख्य मुद्दा. ‘घासते म्हणून आणखी उंच किट घालतो’ हा विचार बहुतेक वेळा चुकतो. किटमुळे गाडी उभी असतानाची उंची बदलते. चाक पूर्ण दाबले गेल्यावर कुठवर वर येईल ते बम्प स्टॉप (चाकाची वरची हालचाल अडवणारा ठोकळा) ठरवतो, आणि टॅकोमासारख्या ज्या गाड्यांत तो चॅसीवर वेगळा बसवलेला असतो तिथे स्पेसर त्याच्या जागेला हात लावत नाही. म्हणजे खड्ड्यात जी टक्कर आज होते ती आणखी एक इंच उचलूनही होण्याचा संभव राहतोच. पूर्ण वळणावर मागच्या बाजूला घासणे हा तर आडव्या अंतराचा प्रश्न आहे. गाडी उभ्या दिशेने कितीही उचलली तरी चाक आणि कॅब माउंट यांमधले अंतर त्याने फारसे वाढत नाही.

ते अंतर कमी कशामुळे होते? पुष्कळदा रिममुळे. एफ-१५० च्या मूळ रिमचे ऑफसेट सामान्यतः अधिक ४४ मिलिमीटर असते. त्याजागी शून्य ऑफसेटची रुंद रिम घातली तर टायरचा मध्य ४४ मिलिमीटर बाहेर सरकतो आणि वळताना टायर स्वतःच्या मध्याभोवती न फिरता मोठा कंस घेत पुढे-मागे झुलतो. मूळ रिमवर जो ३३ इंची टायर कुठेही लागत नव्हता तो या रिमवर बंपरलाही घासतो आणि कॅबलाही. बेअरिंगवरचा ताण आणि खड्ड्यात स्टिअरिंगला बसणारा हिसकाही वाढतो. म्हणून मित्राच्या मूळ रिम एका दिवसासाठी मिळत असतील तर त्यांवर तोच टायर चढवून पाहावे. कोणतेही किट मागवण्याआधी करण्यासारखी ही उत्तम चाचणी आहे. याउलट खुणा आतल्या बाजूला, वरच्या कंट्रोल आर्मवर किंवा स्वे बारवर (वळणावर गाडीचे झुकणे कमी करणाऱ्या दांड्यावर) असतील तर टायर त्या रिमसाठी फार रुंद आहे किंवा ऑफसेट जास्त आहे. अशा वेळी चाक थोडे बाहेर हवे. जाड स्पेसर आणि लांब स्टडचा जुगाड न करता योग्य ऑफसेटची रिम घेणे मला अधिक सुरक्षित वाटते.

एवढे पाहताना ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची तारही पाहून घ्यावी. चाक पूर्ण लोंबकळलेले आणि पूर्ण वळवलेले असताना त्यांपैकी काहीही ताणले जात असेल किंवा टायरला लागत असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी ते सोडवावे.

थरथर

थरथर स्टिअरिंगमध्ये जास्त जाणवते की सीटमध्ये, यावरून पुढची चाके की मागची याचा अंदाज येतो. पुढची दोन चाके मागे आणि मागची पुढे करून पाहावे. खर्च शून्य, आणि थरथरीची जागा बदलली तर दोष चाकांत आहे हे नक्की होते. जागा बदलली नाही तर हब, बेअरिंग किंवा शाफ्टकडे वळावे.

ज्यांना नेमके उत्तर हवे त्यांच्यासाठी थोडे गणित. ८४२ मिलिमीटर व्यासाचे चाक ताशी ६० मैलांना सेकंदाला सुमारे दहा फेरे घेते. एक्सलचे गुणोत्तर ३.५५ असेल तर मधला प्रॉपेलर शाफ्ट त्याच वेगाला सेकंदाला सुमारे ३६ फेरे घेतो. फोनवरच्या कंपन मोजणाऱ्या ॲपमध्ये शिखर दहाच्या आसपास दिसले तर टायर किंवा रिम, छत्तीसच्या आसपास दिसले तर शाफ्ट. ही एक तपासणी मेकॅनिकचे निम्मे काम करून देते.

दोष चाकांत निघाला तर साध्या बॅलन्सिंगवर थांबू नये. भारी एलटी टायरसाठी रोड फोर्स बॅलन्सिंग मागावे, ज्यात रोलर टायरवर दाबून त्याचा कमी-अधिक ताठरपणा मोजतात. टायर स्थिर फिरवला तर बॅलन्समध्ये आहे असे दिसते, आणि भाराखाली तोच टायर उड्या मारतो, असे होऊ शकते.

अलाइनमेंट

किट बसवल्यानंतर अलाइनमेंट करणे ऐच्छिक नाही. नाक वर गेले की कंट्रोल आर्म आणि टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) वेगवेगळ्या कंसांत खाली येतात, त्यामुळे टो (वरून पाहता चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) बिघडतो, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर झुकाव) बदलतो आणि कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) सहसा कमी होतो. टो बिघडला की टायरवर करवतीसारख्या कडा येतात आणि नवा संच काही हजार मैलांतच खराब होतो. कॅम्बर बिघडला की एकच खांदा झिजतो. कॅस्टर कमी झाला तर टायर लगेच झिजत नाही, म्हणून दुकानदार त्याकडे दुर्लक्ष करतो. पण हायवेवर स्टिअरिंग सैल वाटणे आणि वळणानंतर ते मध्यावर न येणे यांचे कारण बहुधा तोच असतो.

दुकानात जाताना सांगावे की टो प्रमाणात हवा, आणि कॅस्टर जितका मिळेल तितका, दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा कमी फरक ठेवून. आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागून घ्यावा. तो न देणाऱ्या दुकानात काम करू नये.

टॅकोमाच्या मालकांना याचा आणखी एक फायदा आहे. तिच्या खालच्या कंट्रोल आर्मचे कॅम बोल्ट फिरवून आर्म पुढे सरकवला की कॅस्टर वाढतो आणि त्याचबरोबर चाकही थोडे पुढे, म्हणजे कॅब माउंटपासून दूर जाते. काही मिलिमीटरांचाच फरक असतो, पण सीमारेषेवरच्या घासण्यात तोच पुरतो. म्हणूनच वर म्हटले की अलाइनमेंटच्या आधी काही कापू नये. मिठाच्या राज्यांतील जुन्या गाड्यांत हे बोल्ट गंजून अडकलेले असतात. ते जाळून काढण्याचे काम घरी करू नये.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर पैसे देण्याआधी पुढचे डावे-उजवे टायर अदलाबदल करून पाहावे, अर्थात ते एकाच दिशेने फिरणारे नसतील तर. ओढ बाजू बदलते तेव्हा दोष टायरच्या बांधणीत असतो आणि अलाइनमेंट कितीही वेळा केले तरी तो जात नाही. अमेरिकेत रस्ता उजवीकडे उतरता असतो, त्यामुळे उजवीकडे अगदी हलकी ओढ नैसर्गिक आहे. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणला का, हेही विचारावे. तो न आणल्यास स्थैर्य नियंत्रणाचा दिवा विनाकारण लागू शकतो.

दिवे आणि स्पीडोमीटर

१४५ इंच व्हीलबेसच्या एफ-१५० चे नाक दोन इंच वर गेले की २५ फुटांवरील भिंतीवर दिव्याचा झोत मूळपेक्षा सहा इंचांहून अधिक वर पडतो. हेडलाइटच्या मागे स्क्रू असतो. संध्याकाळी भिंतीसमोर तो फिरवून झोत खाली आणावा. हे काम फुकट आहे आणि समोरच्याच्या जिवाशी संबंधित आहे.

३२.१ वरून ३३.२ इंचांवर गेल्यास स्पीडोमीटर सुमारे साडेतीन टक्के कमी दाखवतो, म्हणजे काटा ७० वर असताना खरा वेग ७२ च्या वर असतो. ३५ इंचांवर तोच ७६ होतो. टायरचा आकार डीलरकडून किंवा योग्य सॉफ्टवेअरने गाडीच्या संगणकात भरून घ्यावा. गिअर बदलण्याची वेळही त्याने सुधारते. समोरच्या काचेवरचा कॅमेरा किंवा बंपरमधला रडार असलेल्या गाडीत उंची बदलल्यावर त्यांचे कॅलिब्रेशन तपासणे हे डीलरचेच काम आहे.

किट, सांधे आणि एक्सल

वरचे सगळे तपासूनही ‘ठक्’ आवाज राहिला तर किटचा प्रकार पाहावा. स्प्रिंगवर ताण वाढवणारा, स्ट्रटच्या आत बसणारा स्पेसर असेल तर चाक खाली जाताना स्ट्रट आपल्या टोकाला लवकर आपटतो. डोक्यावरचा स्पेसर असेल तर चाक मूळपेक्षा अधिक खाली लोंबते आणि वरच्या बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाकाची बैठक जोडणाऱ्या गोल सांध्याचा) कोन टोकाला जातो. अडीच इंचांच्या पुढे वरचा आर्म स्प्रिंगलाही लागू शकतो. गाडी जॅक स्टँडवर भक्कम टेकवून, चाक लोंबकळत ठेवून टॉर्चने पाहावे: आर्मवर चमकणारी घासलेली खूण, फाटलेले रबरी बूट, स्ट्रटवर तेलाचा ओघळ, एक्सलच्या बुटाभोवती उडालेले ग्रीस. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलवल्यावर ढिलाई जाणवली तर ती नोंदवून ठेवावी.

फोर-व्हील ड्राइव्हच्या एफ-१५० मध्ये २००४ पासून पुढचे हब व्हॅक्यूमने सोडवले जातात. व्हॅक्यूम गळला की हब अर्धवट गुंततो आणि दळल्यासारखा आवाज येतो. किट बसवताना चाकामागची ती बारीक नळी निसटणे किंवा चिमटणे सहज घडते, म्हणून हा आवाज नवा असेल तर आधी नळी पाहावी. आवाज तसाच ठेवून चालवत राहिल्यास हबचे दात जातात.

कुठे थांबावे

स्ट्रट उघडून स्प्रिंग दाबावी लागेल असे कोणतेही काम घरी करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागीच जाऊ शकतो आणि भाड्याच्या साध्या कॉम्प्रेसरवर माझा भरवसा नाही. कॅब माउंट कापून वेल्ड करणे, गंजलेले कॅम बोल्ट, सैल बॉल जॉइंट, फाटलेले एक्सल बूट, तुटलेला किंवा आटा गेलेला स्टड ही सगळी कामे व्यावसायिकाकडेच द्यावीत. ब्रेकचा पाइप ताणला जात असेल, टायरमधून तार दिसत असेल, किंवा टॉर्क दिल्यानंतर नट दुसऱ्यांदा सैल सापडला, तर गाडी चालवत नेऊ नये. टो ट्रक बोलवावा. टेक्सासमध्ये जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली आहे, त्यामुळे इथे या गोष्टी दुसरे कोणी पाहील यावर विसंबता येत नाही.

कायद्याकडेही लक्ष ठेवावे. उंचीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. नॉर्थ कॅरोलायनात डिसेंबर २०२१ पासून पुढचा फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक वर ठेवण्यास बंदी आहे. लेव्हल केलेल्या गाडीच्या हौद्यात जड माल भरला की नाक आपोआप वर जाते, म्हणून ट्रेलर ओढणाऱ्यांनी किटचा विचार करताना मागच्या बाजूचाही करावा. महाराष्ट्रात इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्सवर हेच करू पाहणाऱ्यांनी मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आधी वाचावे. कारखान्याने ठरवलेल्या रचनेत बदल करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे, आणि काम करण्याआधी आरटीओकडे विचारणा करणे हाच योग्य मार्ग आहे.

मेकॅनिककडे जाताना चारही चाकांची मोजमापे, टायरचा पूर्ण आकार व दाब, रिमचे ऑफसेट, स्पेसरची जाडी, खडूच्या खुणांचे फोटो, कंपनाचा आकडा आणि अलाइनमेंटचे दोन्ही कागद सोबत न्यावेत. ‘घासते’ एवढेच सांगितले तर तो नवे भाग सुचवेल. हे कागद समोर ठेवले तर आधी काय तपासून झाले आहे ते त्याला कळेल आणि तो उरलेल्या बिघाडापासून सुरुवात करेल.